शिल्लक सिरम फेकू नका, जिल्ह्याची नोंद ठेवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळ्यात कोल्हापूरकर सकाळी उठला की आधी पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी विचारतो. 39 फूट ही इशारा पातळी आणि 43 फूट ही धोका पातळी, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असते. पूर ओसरल्यावर मात्र आपण आणखी एक आकडा पाहतो. पाणी जिथपर्यंत चढले तिथे घराच्या भिंतीवर गढूळ रेघ उमटलेली असते, आणि पुढच्या वर्षी धान्याची पोती, गॅसची शेगडी, मुलांची दप्तरे किती उंचावर ठेवायची ते आपण त्या रेघेवरून ठरवतो. बंधाऱ्यावरचा आकडा आजचे पाणी सांगतो आणि भिंतीवरची रेघ येऊन गेलेले पाणी सांगते. साथीच्या रोगात स्वॅबचा अहवाल हा बंधाऱ्यावरचा आकडा असतो, तर रक्तातील प्रतिपिंडे, ज्यांना आपण अँटीबॉडी म्हणतो, ही भिंतीवरची रेघ असते. कोरोनाच्या काळात पहिला आकडा आपण रोज छापला, रोज वाचला आणि रोज घाबरलो. दुसरी रेघ महिन्यामागून महिना मोजत राहण्याची सवय मात्र आपल्या जिल्ह्याने लावून घेतली नाही, आणि ती मोजण्यासाठी लागणारे रक्त आपल्या रुग्णालयांतून तेव्हाही रोज फेकले जात होते, आजही फेकले जाते. याच गोष्टीकडे लक्ष वेधण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

मी तीस वर्षांहून अधिक काळ कोल्हापुरातील रुग्णालयांच्या प्रयोगशाळांत तंत्रज्ञ म्हणून काम केले आणि आता निवृत्त आहे. ज्यांनी प्रयोगशाळा आतून पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडे सविस्तर सांगते. रुग्णाच्या हातातून काढलेले रक्त प्लेन बल्बमध्ये, म्हणजे साध्या काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या नळीत, अर्धा तास उभे ठेवले की ते गोठते. मग तो बल्ब सेंट्रीफ्यूजमध्ये फिरवला की लाल गोळा खाली बसतो आणि वर फिकट पिवळे, उसाच्या पातळ रसासारखे पाणी सुटते. त्यालाच सिरम म्हणतात. साखर, क्रिएटिनिन, काविळीची तपासणी यासाठी त्यातले काही थेंबच लागतात. उरलेले सिरम त्याच बल्बात फ्रिजमध्ये काही दिवस ठेवले जाते, कारण डॉक्टरांनी एखादी तपासणी पुन्हा मागितली तर ते हाताशी असावे लागते, आणि मुदत संपली की सगळा स्टँड जैववैद्यकीय कचऱ्यात रिकामा होतो. माझ्या हातून असे किती बल्ब रिकामे झाले याचा हिशेब मी कधी ठेवला नाही. पण 2020 च्या उन्हाळ्यानंतर प्रत्येक वेळी तो स्टँड रिकामा करताना माझा जीव खालीवर होत असे, कारण त्या पिवळ्या थेंबांत जिल्ह्याला हवे असलेले उत्तर होते आणि ते मी माझ्या हातांनी टाकून देत होते.

तो उन्हाळा आठवून पाहावा. 25 मार्च 2020 पासून देशभर टाळेबंदी होती. आपल्याकडचे नमुने आधी पुण्याला राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेकडे, म्हणजे एनआयव्हीकडे, आणि मग मिरजेला जात, त्यानंतर शेंडा पार्कात आपली प्रयोगशाळा उभी राहिली. मे महिन्यात मुंबई-पुण्याची माणसे गावाकडे परतू लागली. किणी टोल नाक्यावर गाड्यांच्या रांगा लागल्या, शाहूवाडी, भुदरगड, आजरा, चंदगड या तालुक्यांतल्या मराठी शाळांचे वर्ग विलगीकरणासाठी उघडले गेले, आणि चाकरमान्यांना स्वतःच्याच गावच्या वेशीवर परक्यासारखे थांबावे लागले. त्या वेळी प्रत्येक गावात एकच प्रश्न होता: विषाणू शाळेतच थांबला आहे की गावात शिरला आहे? स्वॅब या प्रश्नाचे उत्तर देऊ शकत नव्हता. संसर्ग झाल्यावर थोडे दिवसच विषाणू घशात सापडतो, आणि ज्याला लक्षणे नाहीत त्याचा स्वॅब घेण्याचे कोणाच्या मनातही येत नसे. प्रतिपिंडे मात्र साधारण दोन आठवड्यांनी रक्तात दिसू लागतात आणि पुढे कित्येक महिने टिकतात. म्हणजे मलकापूरच्या ग्रामीण रुग्णालयात जूनमध्ये बाळंतपणाच्या तपासणीला आलेल्या, मुंबईला कधीही न गेलेल्या एखाद्या बाईच्या रक्तात ती सापडली असती, तर विषाणू शाळेबाहेर पडला आहे हे आपल्याला तेव्हाच कळले असते. तिचे रक्त हिमोग्लोबिनसाठी तसेही काढलेच जात होते.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, याच काळात देशपातळीवर हे काम केले आणि त्याबद्दल मला आदर आहे. मे-जून 2020 मधल्या पहिल्या पाहणीत देशातील प्रौढांपैकी 0.73 टक्के लोकांच्या रक्तात प्रतिपिंडे आढळली. ऑगस्ट-सप्टेंबरमधल्या दुसऱ्या पाहणीत दहा वर्षांवरील लोकांत हे प्रमाण 6.6 टक्के निघाले, आणि नोंद झालेल्या दर एका रुग्णामागे प्रत्यक्षात 26 ते 32 जणांना लागण झाली असावी असा अंदाज त्यातून बांधला गेला. डिसेंबर 2020 ते जानेवारी 2021 च्या तिसऱ्या पाहणीत प्रौढांमधले प्रमाण 20 टक्क्यांच्या वर गेले, आणि जून-जुलै 2021 च्या चौथ्या पाहणीत, लसीकरण सुरू झाल्यानंतर, सहा वर्षांवरील लोकांत ते 67.6 टक्क्यांवर पोहोचले. या पाहण्यांसाठी देशभरातून सत्तर जिल्हे निवडले होते आणि महाराष्ट्रातून बीड, परभणी, नांदेड, सांगली, अहमदनगर आणि जळगाव हे सहा. कोल्हापूर त्यांत नव्हते. देशाचा अंदाज बांधण्यासाठी प्रत्येक जिल्हा घेण्याची गरज नसते, त्यामुळे याबद्दल आयसीएमआरला दोष देण्यासारखे काही नाही. पण आपण मात्र सांगलीच्या आकड्यावरून आपले अंदाज बांधत बसलो. सांगली आपली सख्खी शेजारीण असली तरी तिथली साथ वेगळ्या वाटेने आली होती. इस्लामपुरात मार्च 2020 मध्येच रुग्ण सापडले होते, तर आपल्याकडचा आकडा मे महिन्यात परतणाऱ्यांबरोबर चढला. कृष्णाकाठच्या नोंदीवरून पंचगंगेचा पूर मोजावा, तसे ते होते.

एका जिल्ह्याची सरासरीसुद्धा पुरेशी नसते, हे मुंबई आणि पुण्याने दाखवून दिले आहे. जुलै 2020 मध्ये मुंबईच्या तीन प्रभागांत केलेल्या पाहणीत झोपडपट्टीतल्या 57 टक्के लोकांच्या रक्तात प्रतिपिंडे होती आणि त्याच प्रभागांतल्या इमारतींत राहणाऱ्या फक्त 16 टक्के लोकांच्या. मधे एक रस्ता, एक भिंत, आणि दोन बाजूंना साथीची दोन वेगळी रूपे. पुण्यात जुलै-ऑगस्टमध्ये पाच प्रभागांत हे प्रमाण 51.5 टक्के निघाले, तेव्हा अनेकांना धक्का बसला, कारण स्वॅबच्या आकड्यांवरून कोणी तसा अंदाज केला नव्हता. आता आपला जिल्हा डोळ्यांसमोर आणावा. इचलकरंजीतले यंत्रमाग कामगार एका खोलीत चार-चार जण राहतात, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत तीन पाळ्या चालतात, राधानगरी-चंदगडच्या वाड्यांवर घरे लांब लांब असतात, आणि शहराच्या पेठांत एकाच वाड्यात तीन पिढ्या नांदतात. या सगळ्यांना एकच टक्केवारी लावून निर्बंध कुठे घालायचे आणि कुठे उठवायचे हे ठरवणे म्हणजे अंधारात काठी फिरवणे होते. जुलै 2020 मध्ये जिल्ह्यात पुन्हा कडक टाळेबंदी झाली आणि ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये खाटा मिळेनात अशी वेळ आली. पुढच्या वर्षी राज्यात इतरत्र दुसरी लाट ओसरत असताना जून-जुलैत आपल्याकडे रुग्ण वाढतच होते आणि भरीला महापूर आला. या प्रत्येक टप्प्यावर अजून किती लोकांना विषाणूचा स्पर्शही झालेला नाही हे जिल्हा प्रशासनाला निदान ढोबळमानाने ठाऊक असते, तर काही निर्णय वेगळे झाले असते अशी माझी खात्री आहे.

माझे म्हणणे साधे आहे. जिल्ह्यातील काही ठरावीक रुग्णालये, उदाहरणार्थ सीपीआर, इचलकरंजीचे आयजीएम, गडहिंग्लजचे उपजिल्हा रुग्णालय, पश्चिमेकडची दोन-तीन ग्रामीण रुग्णालये आणि तयार असतील ती खासगी रुग्णालये, यांनी दर महिन्याला ठरलेल्या संख्येने शिल्लक सिरम वेगळे काढावे. त्यावर रुग्णाचे नाव नसावे, फक्त वयोगट, स्त्री की पुरुष, तालुका आणि महिना एवढेच असावे. ते उणे वीस अंश किंवा त्याहून कमी तापमानात साठवावे, त्यातल्या ठरावीक भागाची एलायझा, म्हणजे प्रतिपिंडे शोधणारी, चाचणी करावी आणि निघालेला आकडा तालुकावार जाहीर करावा. रुग्णालयच का, तर तिथे रक्त आधीच काढलेले असते. घरोघरी जाऊन पाहणी करायची तर पथके लागतात, गाड्या लागतात, लोक दार उघडत नाहीत आणि टाळेबंदीत तर ते जवळजवळ अशक्य होते. आशाताईंच्या अंगावर आधीच किती ओझे होते हे ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत आपण सर्वांनी पाहिले. त्यांना आणखी एक वही देण्याऐवजी फ्रिजमधल्या बल्बांकडे पाहणे कितीतरी सोपे आहे.

ही कल्पना माझ्या डोक्यातून निघालेली नाही. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना गेली अनेक वर्षे याच पद्धतीने देशातल्या एचआयव्हीचा माग काढत आली आहे. निवडक रुग्णालयांतल्या गरोदर मातांच्या तपासणीसाठी घेतलेल्या रक्तातून प्रत्येक केंद्रावर तीन महिन्यांत 400 नमुने, नाव न लावता, तपासले जात. त्यातूनच कोणत्या जिल्ह्यात प्रमाण चढते आहे आणि कोणत्या जिल्ह्यात उतरते आहे हे कळत गेले. जे एका रोगासाठी वर्षानुवर्षे जमते ते दुसऱ्यासाठी जमत नाही, असे मानण्याचे कारण मला दिसत नाही. सामग्रीचाही प्रश्न फार मोठा नाही. पुण्याच्या एनआयव्हीने मे 2020 मध्येच ‘कोविड कवच’ ही एलायझा चाचणी तयार केली होती, तिच्यात अडीच तासांत एका वेळी 90 नमुने तपासता येतात, आणि एलायझा रीडर तर आपल्याकडच्या मोठ्या प्रयोगशाळांत त्याआधीपासूनच होते.

आता एक कटू आठवण सांगणे भाग आहे, कारण प्रतिपिंडांची तपासणी चुकीच्या हेतूने वापरली तर काय होते ते मी डोळ्यांनी पाहिले आहे. 2020 च्या पावसाळ्याअखेर मी ज्या खासगी रुग्णालयात होते तिथे सर्व कर्मचाऱ्यांचे रक्त घेतले गेले. नमुने मीच लावले. चाचणीच्या प्लेटमधल्या ज्या खळग्यांत रंग गडद चढला, म्हणजे प्रतिपिंडे सापडली, ते सगळ्यात जास्त कोणाचे होते, तर डॉक्टरांचे नव्हते, परिचारिकांचेही नव्हते. ते होते झाडलोट करणाऱ्या, बेडपॅन उचलणाऱ्या, चादरी बदलणाऱ्या मावशींचे. त्यांतल्या कितीतरी जणींना आपल्याला कधी लागण होऊन गेली याचा पत्ताही नव्हता. एकीला जुलैत चार दिवस तोंडाला चव नव्हती, ती तिने उपासामुळे असेल म्हणून सोडून दिली होती. त्या तपासणीचा कागद व्यवस्थापनाने ज्यांचा होता त्यांना दाखवला नाही, पण त्याचा वापर मात्र केला. ज्यांच्या रक्तात प्रतिपिंडे सापडली त्यांना ‘तुम्हाला आता काही होत नाही’ असे सांगून कोविड कक्षाच्या पाळ्या लावल्या, आणि त्यांच्या वाट्याचे चांगले मास्क कमी केले. मी तेव्हा वरिष्ठांशी बोलले, पण लेखी तक्रार केली नाही, याची खंत मला आजही आहे. म्हणूनच मी आग्रहाने सांगते की शिल्लक सिरमवरची ही तपासणी गावाची, तालुक्याची स्थिती समजण्यासाठी असावी. एकेका माणसाला ‘सुरक्षित’ असा शिक्का मारण्यासाठी ती कधीही वापरू नये. आणि ज्यांची स्वतंत्रपणे, संमतीने तपासणी होते त्यांचा अहवाल आधी त्यांच्या हातात पडला पाहिजे. आयसीएमआरच्या चौथ्या पाहणीत देशभरातल्या आरोग्य कर्मचाऱ्यांपैकी 85 टक्के जणांत प्रतिपिंडे आढळली होती. त्या आकड्यात लसीचा वाटा मोठा असला, तरी आपल्या मावशींचे काय झाले हे विचारणारा एक तरी रकाना जिल्ह्याच्या नोंदवहीत असायला हवा होता.

या पद्धतीच्या मर्यादा लपवून मला कोणाला पटवायचे नाही. रुग्णालयात येणारा माणूस हा सरासरी नागरिक नसतो. तो वयाने मोठा असतो, त्याला मधुमेह किंवा रक्तदाब असतो, नाहीतर ती गरोदर तरुणी असते. शाळेत जाणारी मुले आणि कारखान्यातले धडधाकट तरुण त्यात फार कमी सापडतात. त्यामुळे निघालेला आकडा तालुक्यातल्या वयोगटांच्या प्रमाणानुसार सुधारून घ्यावा लागतो, आणि तरीही तो तंतोतंत खरा मानता येत नाही. पण त्याच रुग्णालयातून, त्याच रीतीने, दर महिन्याला मोजले तर आकडा चढतो आहे की स्थिर आहे हे मात्र विश्वासाने सांगता येते. बंधाऱ्याच्या पट्टीत दोन इंचांची चूक असली तरी पाणी वाढते आहे हे कळतेच ना?

दुसरी मर्यादा चाचणीचीच आहे आणि ती फारशी समजावून सांगितली जात नाही. समजा हजार माणसांपैकी खरोखर दहाच जणांना लागण होऊन गेली आहे. चाचणी त्यांतल्या नऊ जणांना बरोबर ओळखते. पण निरोगी माणसांपैकी दर शंभरातल्या दोघांना ती चुकून ‘पॉझिटिव्ह’ म्हणत असेल, तर उरलेल्या 990 जणांत सुमारे वीस खोटे पॉझिटिव्ह निघतील. म्हणजे एकूण एकोणतीस पॉझिटिव्हमधले वीस चुकीचे. हीच चाचणी निम्म्या वस्तीला लागण होऊन गेल्यावर केली, तर साडेचारशे खऱ्यांच्या शेजारी खोटे फक्त दहा असतात. साथीच्या सुरुवातीला एका माणसाच्या अहवालावर विसंबणे धोक्याचे का असते, ते यावरून लक्षात यावे. एप्रिल 2020 मध्ये घाईघाईने आणलेल्या रॅपिड अँटीबॉडी किटचे निकाल इतके विसंगत आले की आयसीएमआरला त्यांचा वापर थांबवायला सांगावे लागले, हेही आठवत असेल. शिवाय प्रतिपिंडे काळाबरोबर कमी होत जातात, त्यामुळे जुनी लागण सुटू शकते. आणि लस आल्यानंतर तर ती लागणीमुळे आहेत की लसीमुळे हे वेगळे करावे लागते. कोविशील्ड घेतलेल्या माणसाच्या रक्तात विषाणूच्या फक्त काटेरी प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडे असतात, त्यामुळे आतल्या प्रथिनाविरुद्धची सापडली तर लागण होऊन गेली असे म्हणता येते. कोव्हॅक्सिनमध्ये मात्र संपूर्ण निष्क्रिय विषाणू असल्यामुळे हा फरक करणे अवघड होते. हे सगळे खरे आहे आणि म्हणूनच हे काम जाणकार माणसांच्या हाती, सावकाश आणि सतत चालले पाहिजे. साथ डोक्यावर आली की घाईत उभे करण्याचे हे काम नव्हे.

आज साथ नसताना हे सुरू करण्याचा आग्रह मी का धरते, त्याचे कारण इथेच आहे. कोणतीही नवी अँटीबॉडी चाचणी किती खोटे पॉझिटिव्ह देते हे तपासायचे असेल, तर तो विषाणू येण्याच्या आधीचे सिरम लागते, कारण त्यात ती प्रतिपिंडे असूच शकत नाहीत. पुढचा विषाणू कोणता असेल हे कोणालाच ठाऊक नाही. पण तो येण्याआधीचे कोल्हापूरकरांचे सिरम आपल्या शीतपेटीत असेल, तर बाजारात आलेले किट आपल्या माणसांवर किती खरे उतरते हे आपण आठवडाभरात सांगू शकू. ते सिरम साथ आल्यावर गोळा करता येत नाही.

संमतीचा प्रश्न कोणीतरी उपस्थित करील आणि तो योग्यच आहे. आयसीएमआरच्या 2017 च्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांनुसार ओळख पुसलेल्या, तपासणीनंतर उरलेल्या नमुन्यांच्या बाबतीत संस्थेची नैतिकता समिती संमतीची अट शिथिल करू शकते. तरीही मी तेवढ्यावर थांबणार नाही. रक्त काढण्याच्या खिडकीजवळ ठळक मराठीत एक फलक असावा: उरलेले सिरम नाव काढून जिल्ह्याच्या आरोग्यासाठी वापरले जाते, ज्यांची इच्छा नसेल त्यांनी तसे सांगावे. रांगेत उभी असलेली माणसे तो वाचतील, विचारतील, आणि बहुतेक जण हो म्हणतील, असा माझा इतक्या वर्षांचा अनुभव आहे. खर्चासाठी जिल्हा नियोजन समितीने एक छोटे लेखाशीर्ष उघडावे, राजर्षी छत्रपती शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाने तांत्रिक जबाबदारी घ्यावी आणि शिवाजी विद्यापीठाच्या संख्याशास्त्र विभागाने आकडे सुधारून देण्याचे काम करावे. ही तिन्ही ठिकाणे एकमेकांपासून रिक्षाच्या अंतरावर आहेत.

आपल्या दैनिकाने हा विषय लावून धरावा आणि जिल्हाधिकारी, जिल्हा शल्यचिकित्सक व महापालिकेचे आरोग्य अधिकारी यांच्याकडून यावर उत्तर मागावे, ही विनंती. काम सुरू झाले तर नमुन्यांवर चिठ्ठ्या लावायला आणि नव्या मुलामुलींना प्लेट लावायला शिकवायला मी आठवड्यातून तीन सकाळी विनामोबदला यायला तयार आहे. डोळे अजून चांगले आहेत आणि पिपेट धरताना हात थरथरत नाही.

आपली विश्वासू,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ,
कोल्हापूर